तिला सायकल येत नव्हती

जबलपुरच्या सिविल लाइंसच्या सिग्नलला माझी स्कूटी थांबली होती. मैत्रीण नेहमीसारखी मागे बसून मोबाइलवर वाचत होती. नेदरलँड्समधल्या तिच्या विद्यापीठाने नव्या विद्यार्थ्यांना एक लांबलचक मेल पाठवला होता. सोबत काय आणावं, थंडी कशी असते, आजारी पडलं तर कोणाला फोन करायचा, सगळं त्यात होतं. ती मला एकेक ओळ मोठ्याने वाचून दाखवत होती आणि मध्येच थांबली. सिग्नल हिरवा झाला, मी गाडी काढली, तरी ती गप्प.

"काय झालं?" मी विचारलं.

"यात लिहिलंय, आमचे जवळपास सगळे विद्यार्थी सायकलने येतात. हॉस्टेलपासून डिपार्टमेंट सहा किलोमीटर आहे."

"मग?"

"मग काय? मला सायकल कुठे येते."

मी गाडी कडेला घेतली, कारण मला हसू आवरेना आणि हसत हसत त्या रस्त्यावर स्कूटी चालवणं बरं नव्हतं. वर्षभर ही मुलगी इंग्रजीच्या परीक्षा देत होती, प्रोफेसरांच्या शिफारशी गोळा करत होती, शिष्यवृत्तीसाठी पुन्हा पुन्हा निबंध लिहीत होती. व्हिसा झाला, तिकीट झालं. निघायला पाच आठवडे उरले होते. तिला सायकल येते का, हे मात्र कोणी विचारलंच नव्हतं.

"हसू नको," ती म्हणाली. आणि मग तीही हसायला लागली.

आमची ओळख बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातली. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये माझ्या मागच्या टेबलावर कोणाच्या तरी हातून बीकर निसटलं आणि पाठोपाठ ऐकू आलं, "गेलं ना बे." मी वळून पाहिलं. "तू मराठी?" मी विचारलं. "घरी," ती म्हणाली. पुढची पाच वर्षं आम्ही एकाच बाकावर बसलो आणि एकाच स्कूटीवर फिरलो.

तिचे बाबा सरकारी फॅक्टरीत फिटर. तिचे आजोबा विदर्भातून याच नोकरीसाठी आले आणि मग सगळं घर फॅक्टरीच्या वसाहतीत, इस्टेटच्या क्वार्टरमध्येच वाढलं. आई अंगणवाडीत शिकवते. आमचं घर महाराजपुरला. माझे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. मराठी आम्हीही बोलायचो, पण आमच्याकडे वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि हिंदीत संपायचं. तिच्या आईला ते चालत नसे. मी "काकू, मैं निकलती हूँ" म्हटलं की त्या दारातूनच परत बोलवायच्या आणि नीट मराठीत सांगायला लावायच्या. माझं मराठी जे काही सुधारलं, ते त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, पाटावर बसून ज्वारीची भाकरी खाता खाता.

सायकल न येण्याचं कारण तिने मला त्या दिवशी स्कूटीवर सांगितलं. तिच्या बाबांची काळी, उंच सायकल होती. फॅक्टरीत ते तिच्यावरूनच जायचे, अजूनही जातात. लहानपणी ते तिला पुढच्या दांडीवर बसवायचे, मग मोठी झाली तशी मागच्या कॅरिअरवर. शाळेत तेच सोडायचे, शिकवणीला तेच. मला शिकवा म्हटलं की म्हणायचे, मोठी हो, रस्त्याने ट्रक असतात. ती मोठी झाली आणि माझ्या स्कूटीवर येऊन बसली. आयुष्यभर कोणाच्या तरी मागे बसून तिने जबलपुर पाहिलं होतं.

"बाबांना सांगू?" मी विचारलं.

"नको. ते म्हणतील, बसने जा. नाहीतर मग स्वतःच माझ्यासोबत चालले येतील."

तेव्हा आम्ही ठरवलं की बाबा कामावर गेले की शिकायचं. माझ्या घरी व्हरांड्यात माझी जुनी लेडीज सायकल धूळ खात पडली होती. टायर-ट्यूब बदलून, चेनला तेल देऊन मी ती चालवत इस्टेटपर्यंत नेली आणि काकूंच्या घरामागे, कपडे वाळत घालायच्या तारेखाली उभी केली. वर एक जुनी चादर टाकली. काकूंना अर्थातच सगळं ठाऊक होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पडली तर तोंडावर नाही ना पडणार? फोटो जाऊन राहिला तिकडे, ओळखपत्रावरचा."

शिकायला जागा मात्र छान होती. इस्टेटमध्ये आता बरीच क्वार्टर्स रिकामी आहेत. त्यांच्या दारांवर विटा लावून टाकल्यात, अंगणातली पेरूची झाडं आपली आपण फळतात. त्यांच्यामधून जाणारा सिमेंटचा रस्ता सरळ, रुंद आणि सकाळी अगदी मोकळा असतो. काका, म्हणजे तिचे बाबा, साडेसातला निघाले की पावणेआठला आम्ही तिथे.

पहिल्या दिवशी ती सीटवर बसली आणि पायच उचलेना. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून चालत चालत सायकल पुढे नेत होती, आणि तोंडाने मला समजावत होती की चाक फिरत असलं की सायकल पडत नाही, त्यामागे कोणता नियम आहे.

"नियम तुला येतो," मी म्हटलं, "आता पाय उचल."

"उचलते. पण आधी सांग, तू धरलंयस ना?"

"धरलंय."

"सोडणार नाहीस?"

"आत्ता नाही सोडणार."

"आत्ता म्हणजे?"

असं अर्धा तास चालायचं. मी सीट धरून तिच्यामागे पळायची. माझे पाय रात्री इतके दुखायचे की आईने विचारलं, तू कोणत्या भरतीची तयारी करून राहिलीस. रस्त्याच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये एक निवृत्त आजोबा राहायचे. ते रोज फाटकाशी उभे राहून सांगायचे, "बिटिया, नीचे मत देखो, सामने देखो." चौथ्या दिवशी त्यांनी प्लास्टिकची खुर्चीच बाहेर आणून ठेवली आणि चहाचा कप घेऊन बसू लागले. त्यांच्या दिवसाची सुरुवातच आमच्यापासून व्हायला लागली.

पाचव्या दिवशी ती पडली. मी सीट सोडली होती आणि ती चांगली दहा-बारा हात गेलीही होती, पण तेवढ्यात तिने मागे वळून पाहिलं. सायकल डावीकडे गेली आणि ती सायकलीसकट नालीकाठच्या बेशरमाच्या झुडपात. मी धावत गेले. कोपर सोललं होतं, केसांत पानं होती, आणि ती आडवी पडूनच खी खी हसत होती. काकू हळद घेऊन आल्या. जखमेवर हळद दाबता दाबता त्यांनी शांतपणे विचारलं, "तिकडे नाल्या आहेत का वं?"

"कालवे आहेत, आई. खूप मोठे. रस्त्याच्या कडेनेच."

काकूंचा हात थांबला. "मग पोहायलाही शिकून घे," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्याही रोज येऊन उभ्या राहू लागल्या. अंगणवाडीला त्यांना साडेनऊला पोहोचायचं असे. तोवर त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून दोन्ही हातांनी खुणा करायच्या, जणू काही विमान उतरवत आहेत.

आता खरी गोष्ट सांगते. दहाव्या की अकराव्या दिवशीची असेल. त्या सकाळी मैत्रीण बरी चालवत होती. मी फक्त सोबत पळत होते, हात सीटला लावल्या-न लावल्यासारखा ठेवून. काकू अर्ध्या रस्त्यात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. आणि समोरच्या वळणावरून काका आले. ते चष्मा घरी विसरले होते, तो घ्यायला परतले होते. त्यांनी सायकल थांबवली, एक पाय जमिनीवर टेकवला आणि बघत राहिले. काकूंच्या टाळ्या बंद झाल्या. मी जागच्या जागी थांबले. आजोबांनी कप खाली ठेवला.

फक्त ती थांबली नाही. थांबायचं कसं, ते आम्ही शिकवलंच नव्हतं. आतापर्यंत ती थांबायची म्हणजे मी तिला धरायची. तिने बाबांना पाहिलं, तिचे डोळे मोठे झाले, आणि ती तशीच पेडल मारत आली, आईच्या बाजूने गेली, बाबांच्या बाजूने गेली, वळणापर्यंत एकटीच गेली आणि तिथे गवताच्या उंचवट्यावर चढून थांबली. तो पूर्ण रस्ता तिने पहिल्यांदाच चालवला होता. आपण काय केलं हे तिला समजायला एक क्षण लागला. मग तिने तिथूनच दोन्ही हात वर केले, आणि सायकल तिच्या पायावर पडली.

काका आपली सायकल स्टँडवर लावून तिच्याजवळ गेले, माझी सायकल उचलली, सीटवर हात ठेवला, पुढून पाहिलं, बाजूने पाहिलं. मग कॅरिअरच्या पिशवीतून पाना काढला.

"सीट उंच आहे," ते म्हणाले. "दोन बोटं खाली पाहिजे. आणि हा मागचा ब्रेक लागून नाही राहिला. असल्या सायकलवर शिकवतात का, बेटा?" हे मला होतं.

त्यांनी तिथेच उकिडवं बसून सीट खाली केली आणि ब्रेकची तार ओढून घट्ट केली. मैत्रीण बाजूला उभी होती. हात पुसता पुसता, तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही म्हटलं असतं, बसने जा."

"हाव," काका म्हणाले. "म्हटलं असतं." मग म्हणाले, "तू लहान होती तेव्हा शिकवायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, मीच नाही शिकवलं. शिकली असती तर कॅरिअरवर कोण बसलं असतं?"

मैत्रिणीने त्यांच्या हातातला पाना घेतला आणि पिशवीत ठेवला. काका चष्मा घेऊन फॅक्टरीत गेले तेव्हा चांगला अर्धा तास उशीर झाला होता. काकू मला सांगत होत्या की इतक्या वर्षांत ते कधी उशिरा गेले नाहीत, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

नंतर शिकवणी काकांनी हाती घेतली. सकाळी सहालाच, कामाआधी. माझं काम नुसतं बाजूने बघायचं राहिलं. ते फिटर आहेत, त्यांना सगळं नीट लागतं. त्यांनी खडूने रस्त्यावर रेघ मारली आणि त्या रेघेवरून चालव म्हणाले. मग दोन विटा ठेवून त्यांच्यामधून. मग एका हाताने चालवत दुसऱ्या हाताने वळण दाखवायचं, कारण तिकडे तसं दाखवावं लागतं, हे त्यांनी कुठूनतरी मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात हेही त्यांनाच आठवलं. मग एक पूर्ण आठवडा आम्ही इस्टेटमध्ये चुकीच्या बाजूने फिरलो आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाने आम्हाला टोकलं.

एका रविवारी काकू खुणा न करता नुसत्या बघत उभ्या होत्या. मैत्रीण विटांमधून वळणं घेत होती. काकू माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "जरा मले पकडशील का?"

मला आधी समजलंच नाही. त्यांनी पदर कमरेला खोचला होता, निऱ्या थोड्या वर घेतल्या होत्या. अंगणवाडीपर्यंत त्या रोज अर्धा तास चालत जायच्या, रजिस्टरांची पिशवी खांद्याला लावून. ऑटो त्या वाटेने जात नाही.

काकांनी ऐकलं. "तुले?" ते म्हणाले.

"मले. काहून?"

"नाही, काही नाही. बस."

आणि लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेलेला तो माणूस आपल्या बायकोची सीट धरून सिमेंटच्या रस्त्यावर पळू लागला. पलीकडच्या लाइनीतली बायामाणसं फाटकांशी आली. कोणी तरी म्हणालं, "भाभीजी, ब्रेक दबाना." काकू ताठ बसल्या होत्या, नजर सरळ समोर, आणि काकांना सूचना देत होत्या: अजून जरा जोरात, आता हळू, मले वळवू नका, मी वळते. तिसऱ्या सकाळी रस्त्याच्या मध्यावर काकांनी हात सोडला आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभे राहिले. काकू गेल्या. शेवटपर्यंत गेल्या, ब्रेक दाबला, उतरल्या आणि सायकल वळवून परत आल्या.

"मी सोडलं होतं, समजलं का तुले?" काकांनी विचारलं.

"समजलं ना. तुमचा दम ऐकू येणं बंद झालं होतं."

मैत्रीण हसून हसून रस्त्यावर बसली. तिला दोन आठवडे लागले होते, काकूंना तीन सकाळी लागल्या. पुढे चौथ्या आठवड्यात काकू माझी सायकल घेऊन अंगणवाडीला जाऊ लागल्या, आणि मी ती परत नेण्याचा विषय काढला नाही.

निघायच्या आधीच्या आठवड्यात मैत्रीण म्हणाली, "भेड़ाघाटपर्यंत जाऊ. सायकलने. तिकडे रोज जाऊन-येऊन बारा किलोमीटर करायचे आहेत, एकदा वीस तरी करून बघते." तिने काकांची काळी सायकल घेतली. काका आदल्या संध्याकाळी तिचे सगळे नट पुन्हा आवळत बसले होते. मी शेजारच्यांची सायकल मागून आणली.

पहाटे निघालो. रात्री पाऊस पडून गेला होता, रस्ता धुतल्यासारखा होता आणि दोन्ही बाजूंची धानाची शेतं भरलेली होती. गेली पाच वर्षं ती माझ्या मागे बसून कानाशी बोलायची. त्या दिवशी प्रथमच ती माझ्या पुढे होती. वाऱ्याने तिचं बोलणं अर्धंच मागे यायचं. मी "काय?" म्हणायची, ती पुन्हा सांगायची, मी पुन्हा "काय?" म्हणायची. शेवटी तिने बोलायचं सोडलं आणि नुसती चालवत राहिली. चढावर ती उतरली, सायकल ढकलली, वर जाऊन पुन्हा बसली. एकदाही पडली नाही.

भेड़ाघाटला पोहोचलो तेव्हा संगमरवराची दुकानं नुकती उघडत होती. कारागीर मूर्तींवरची पांढरी धूळ ओल्या फडक्याने पुसत होते. पावसाळ्यात नावा बंद असतात, म्हणून आम्ही सरळ धुआंधारकडे गेलो. पाणी इतकं होतं की धबधबा दिसतच नव्हता, नुसता पांढरा धूर आणि आवाज. कठड्याशी उभं राहून दोघी पाच मिनिटांत भिजलो.

तिथे तिने मला विचारलं, जरा मोठ्यानेच, कारण पाण्याचा आवाज होता. "सगळे तुला विचारतात ना, तू काहून नाही गेलीस?"

"विचारतात."

"मग तू काय सांगतेस?"

"खरं तेच सांगते. मला शाळेत शिकवायचंय, बी.एड. करायचंय, आणि ते इथे होतं."

"आणि वाईट वाटलं का तुला? खरं सांग."

मी खरं सांगितलं. तिचा व्हिसा आला त्या संध्याकाळी वाटलं होतं. मी पेढे घेऊन तिच्या घरी गेले, सगळ्यांसोबत हसले आणि परत येताना रडले. तिला तो देश मिळाला याचं नव्हतं वाटलं. तिला आता दुसरे लोक भेटतील, ती दुसऱ्या कोणाच्या कानाशी दिवसभर बोलेल, त्याचं वाटलं होतं. सकाळी उठले तेव्हा ते गेलं होतं. मग तो सायकलचा मेल आला आणि वाईट वाटून घ्यायला वेळच उरला नाही.

तिने तोंडावरचे तुषार पुसले. "मी तर रोज घाबरते," ती म्हणाली. "तिथे मराठीत बोलायला कोण असेल? मी स्वतःशीच बोलून राहीन आणि लोक मला वेडी म्हणतील."

"फोनवर बोल."

"फोनवर तू 'काय? काय?' म्हणत राहशील, आत्ता येताना म्हणत होतीस तशी."

परतीचं मात्र जमलं नाही. गावाबाहेर येईपर्यंत तिच्या पायांनी हात टेकले. ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आणि म्हणाली, वीस झाले, परतीचे माझ्या हिशोबात नव्हते. मक्याचे भुट्टे घेऊन शहराकडे चाललेला एक लोडिंग ऑटो मी थांबवला. ड्रायव्हर भैया भला माणूस होता. त्याने दोन्ही सायकली दोरीने बांधल्या आणि आम्ही मागे भुट्ट्यांच्या ढिगावर बसून आलो. तो मध्ये एका टपरीवर थांबला, तिथे भाजायला त्यानेच आम्हाला तीन कणसं दिली. लिंबू-मीठ लावून आम्ही तिघांनी ती रस्त्यातच खाल्ली. घरी पोहोचल्यावर काकांनी पहिली विचारपूस सायकलची केली, मग आमची.

शेवटचे तीन-चार दिवस पळाले. बुद्धविहारात सगळ्यांनी तिला बोलावलं. वंदना झाली, मग एका वयस्कर आजींनी तिला पांढरी फुलं दिली आणि विचारलं, तिकडे काय शिकशील. ती म्हणाली, पाणी कसं स्वच्छ करायचं ते. आजींना ते फार आवडलं. "लवकर शिक आणि लवकर ये," त्या म्हणाल्या, "आमचा हँडपंप लाल पाणी देऊन राहिला."

मग बॅगेचा गोंधळ. किराणा दुकानाच्या काट्यावर बॅग ठेवली तर दोन किलो जास्त भरली. काकूंनी जवसाची चटणी, कुरडया आणि गोडा मसाला भरला होता. काकांनी कापडात गुंडाळून पान्यांचा लहान संच ठेवला होता. दोघंही आपापलं काढायला तयार होईनात. दुकानदार काट्याला हात लावून वाट बघत होता, मागे गिऱ्हाइकं उभी होती. शेवटी तिने आपलं सगळ्यात जाड पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. "हे तिकडे लायब्ररीत मिळेल," ती म्हणाली. "चटणी नाही मिळणार." पाने मिळतील की नाही, हे कोणी विचारलं नाही.

गाडी दुपारची होती. काका तिच्यासोबत दिल्लीपर्यंत जाणार होते. मी आदल्या दिवशी मनातल्या मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं, तिला काय काय सांगायचं ते. स्टेशनवर पोहोचलो आणि घोषणा झाली की डब्यांचा क्रम बदलला आहे. तिचा डबा आता प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला येणार होता. गाडी लागलीच आली. मग आम्ही चौघं पळालो. काकांनी मोठी बॅग डोक्यावर घेतली, काकू पाण्याची बाटली आणि डबा घेऊन सगळ्यांच्या पुढे, मैत्रीण आणि मी दुसरी बॅग दोन बाजूंनी धरून. बॅगेचं चाक वाटेत निघालं. कोणीतरी ते उचलून आमच्यामागे धावत आलं. धापा टाकत आम्ही डब्यापाशी पोहोचलो, बॅगा आत ढकलल्या, काका चढले, ती चढली. काकूंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि सोडला.

माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही, कारण मला श्वासच घेता येत नव्हता. गाडी हलली. ती दारात उभी होती, केस विस्कटलेले, घामाघूम, डोळे भरलेले आणि हसरे.

"ऐक," ती ओरडली. "तुझ्या गाडीचं पीयूसी गुरुवारी संपतंय. विसरू नको."

बस, एवढंच. मी हात हलवत राहिले आणि हसत राहिले. शेजारी काकूही हसत होत्या, पदराने डोळे पुसत. "काय पोट्टी आहे," त्या म्हणाल्या. "देश सोडून चालली आणि हे सांगून राहिली."

आम्ही दोघी लगेच घरी गेलो नाही. काकू म्हणाल्या, भूक लागली. एरवी त्या बाहेरचं काही खात नाहीत. स्टेशनबाहेर एका दुकानात आम्ही खोव्याची जलेबी घेतली, काळी, गरम, पाकाने जड. काकूंनी एक संपवली आणि बोटं चाटत म्हणाल्या, अजून एक घेऊ, आज चालते. त्या दुकानाच्या बाकावर बसून त्यांनी मला मैत्रिणीच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, ज्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. ती तीन वर्षांची असताना फॅक्टरीच्या भोंग्याबरोबर रडायची. तिला वाटायचं, भोंगा वाजला की बाबा त्याच्या पोटात जातात. गुरुवारी मी जाऊन पीयूसी काढून आणलं.

तिचा पहिला मोठा फोन दहा दिवसांनी आला. मी मुद्दाम इस्टेटला गेले होते. काका, काकू आणि मी एका मोबाइलसमोर दाटीवाटीने बसलो. ती खूप भराभर बोलत होती. तिने जुनी सायकल घेतली होती. तिकडची माणसं उंच, म्हणून सायकलीही उंच. सीट सगळ्यात खाली आणूनही तिचे पाय जमिनीला जेमतेम लागत होते. आणि पहिल्याच दिवशी ती सिग्नलवर थांबायला गेली तर हँडलला ब्रेकच नव्हता.

"मग काय केलं वं?" काकूंनी विचारलं.

"झुडपात गेले. सवय आहे मला. मग एका मुलीने मला उठवलं आणि सांगितलं की पेडल उलटं फिरवलं की सायकल थांबते. ब्रेक चाकाच्या आत असतो. आता ती आणि मी रोज सोबत जातो. इंडोनेशियाची आहे. मी तिला 'काहून' शिकवलं. आता ती प्रोफेसरच्या प्रत्येक वाक्याला म्हणते, काहून."

काकू आणि मी हसत होतो. मला त्या इंडोनेशियाच्या मुलीचा राग आला नाही. उलट बरं वाटलं, मनापासून. काका मात्र हसले नव्हते. ते मोबाइलच्या अगदी जवळ सरकले.

"चाकाच्या आत म्हणजे कुठे?" त्यांनी विचारलं. "मधल्या हबमध्ये? सायकल जवळ आहे का तुझ्या? दाखव बरं."

ती फोन घेऊन खाली गेली. जिने दिसले, मग राखाडी आकाश, मग शेकडो सायकली एका रांगेत उभ्या. तिने आपली शोधली आणि मोबाइल मागच्या चाकाजवळ धरला. काकांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं, वर्तमानपत्राच्या कडेवर एक गोल काढला आणि तिला म्हणाले, "आता पेडल उलटं फिरव. हळू. अजून हळू."